तळघरातला सतरा नंबर

ओरिसियाबाई पावलुक यांनी एकोणतीस वर्षं हॅडली गावात शाळेची बस चालवली. त्यामुळे गावातल्या निम्म्या मोठ्या माणसांशी त्या आजही मागच्या सीटवर दंगा करणाऱ्या पोरांशी बोलावं तशाच बोलतात. बँकेचे साहेब कुठल्या वळणावर ओकायचे, चर्चच्या पाद्र्यांनी तिसरीत असताना कुणाच्या डब्यात जिवंत बेडूक सोडला होता, हे सगळं बाईंच्या लक्षात आहे, आणि ते त्यांच्या लक्षात आहे हे गावाच्याही लक्षात आहे. हॅडलीत बाईंना सहसा कुणी उलटून बोलत नाही.

बसची नोकरी सुटली तसा बाईंचा सगळा आवाज बर्फावरच्या हॉकीच्या रिंकवर जाऊन बसला. हॅडली बॅजर्स ही गावाची टीम. तिला कुणी शेठ मालक नाही, गावच मालक. सोळा ते वीस वयाची पोरं कुठून कुठून येतात, गावातल्या घरांत घरच्यासारखी राहतात आणि सप्टेंबरपासून मार्चपर्यंत बर्फावर खेळतात. विसाव्या वर्षाचा हंगाम संपला की हा खेळ संपला, मग कॉलेज, नाहीतर शेती, नाहीतर तेलाच्या विहिरी. सास्काचेवानच्या त्या सपाट माळावर उणे तीस अंशांत अकराशे माणसं शुक्रवारी संध्याकाळी एका छपराखाली गोळा होतात ती या पोरांपायी.

बाईंची जागा ठरलेली. गोलच्या जाळीच्या बरोब्बर मागे, दुसरी रांग, अंगात टीमचं हिरवं जॅकेट, मांडीवर घोंगडी. सामन्याचे तीन भाग असतात, पहिल्या आणि तिसऱ्या भागात समोरच्या टीमचा गोलकीपर त्यांच्या तोंडासमोर येतो. त्याला बाई त्याच्या चुका त्याच्या आईने सांगितल्या नसतील इतक्या सविस्तर सांगतात. मधल्या भागात आपला गोलकीपर येतो, तेव्हा त्या गप्प बसून कॉफी पितात. आपल्या पोरांना कधी बोलायचं नाही हा त्यांचा नियम. पोरं खेळतात, चुकतात ती वर बसलेली मोठी माणसं, असं त्यांचं ठाम मत.

आणि त्या वर्षी मोठी माणसं फारच चुकत होती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बॅजर्स ओळीने चौदा सामने हरले. मुख्य गोलकीपरची मांडी दुखावली होती, आणि दुसरा सतरा वर्षांचा कोवळा पोर होता, पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, जोरात आली की तो डोळे मिटून घ्यायचा. टीमचा मॅनेजर वेंडेल फ्रीसन दिवसा शेतकऱ्यांना गारपिटीचा विमा विकायचा आणि उरल्या वेळात टीम चालवायचा. बाईंच्या मते दोन्ही धंदे एकच होते, नुकसान झाल्यावर फिरकायचं.

वेंडेलवर त्यांचा मुख्य राग होता तो त्याच्या अदलाबदलींचा. या लीगमध्ये टीम एकमेकींना पोरं देतात-घेतात. तुमचा एक आमचा एक, कधी एकाला दोन. पण समोरच्याकडे द्यायला काही नसलं तर कागदावर नुसतं ‘पुढे बघू’ असं लिहितात, म्हणजे आज तुमचा खेळाडू द्या, त्याचा मोबदला पुढेमागे कधीतरी. गेल्या वर्षी वेंडेलने केस्लर नावाचा टीममधला सगळ्यात जास्त गोल करणारा पोरगा मॅनिटोबातल्या एका टीमला असाच देऊन टाकला होता.

“आपल्याला आजवर सात वेळा ‘पुढे बघू’ मिळालंय,” बाई रिंकच्या कँटीनमध्ये सकाळच्या कॉफीला जमलेल्यांना सांगायच्या. “त्यातलं एकही अजून स्केट घालून बर्फावर उतरलेलं मी पाहिलं नाही.”

त्यांचा नवरा नेस्टर तिथेच कोपऱ्यात बसलेला असायचा. रिंकवर पाणी सोडून बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र फिरवायचं काम त्याचं. हा गृहस्थ दिवसाला मोजून वीसेक वाक्यं बोलतो, त्यातली पंधरा यंत्राशी.

डिसेंबरात टीमच्या कमिटीने तातडीची सभा बोलावली. आता या गावांची एक रीत आहे. सभेत बसल्या जागेवरून वाटेल तेवढं कुरकुरा, कुणी मनावर घेत नाही. पण उभं राहून बोललात की ते काम तुमचं. रिंकचं छप्पर गळतं असं उभं राहून बोललेला माणूस दुसऱ्या दिवशी शिडीवर दिसतो. बाईंना ही रीत चांगली ठाऊक होती, साठ वर्षं त्या याच गावात राहिल्या होत्या. पण अध्यक्ष लॉर्न बेकेट म्हणाला, “बाजारात गोलकीपर नाहीतच, मंडळी, धीर धरा,” आणि बाईंचं डोकं असं फिरलं की आपण कधी उठलो ते त्यांचं त्यांना कळलं नाही.

वीस मिनिटं त्या बोलल्या. केस्लर काढला, सात ‘पुढे बघू’ एकेक करून काढले, वेंडेल पाचवीत बसमध्ये खिडकी उघडी ठेवायचा तेही काढलं. संपलं तेव्हा लॉर्नने चष्मा पुसला.

“अदलाबदलीच्या कामात वेंडेलला एक जोडीदार हवाच होता,” तो म्हणाला. “मिसेस पावलुक उभ्याच आहेत. कोण कोण बाजूने?”

झाडून सगळे हात वर गेले. वेंडेलचे तर दोन्ही.

दोघं गाडीत बसली. मग नेस्टर म्हणाला, “बसून बोलायचं होतंस.”

दुसऱ्या दिवसापासून बाई दुपारी दोन ते चार वेंडेलच्या विम्याच्या ऑफिसात फोन घेऊन बसू लागल्या. अदलाबदलीची मुदत दहा जानेवारीला संध्याकाळी चार वाजता संपत होती, त्यानंतर जो जिथे तो तिथे. पहिला आठवडा त्यांना मोठी मजा वाटली. वेंडेलला जमलं नाही ते आपण चार फोनांत करून दाखवू अशा थाटात त्या टेबलाशी बसायच्या. पण लीगमधल्या अकरा मॅनेजरांशी बोलून झालं तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की गोलकीपर सगळ्यांकडे आहेत, आणि तो द्यायच्या बदल्यात सगळ्यांना एकच पोरगा हवाय, हॅडलीचा सतरा नंबर.

“तो नाही,” बाई म्हणायच्या. “दुसरं कुणीही बोला.”

“दुसरं तुमच्याकडे आहे कोण, बाई?” पलीकडून हसू यायचं.

सतरा नंबर म्हणजे डॅरियन मॅकॅलम. उंच, शांत, बचावात असा उभा राहायचा की समोरचा पोरगा आपण इकडे कशाला आलो असा विचार करायचा. तो पार उत्तरेकडचा. हिवाळ्यात तळं गोठलं की त्या बर्फावरून रस्ता होतो, तोच त्याच्या गावाचा रस्ता. आजीने वाढवलेला. तीन वर्षांपूर्वी सतराव्या वर्षी दोन पिशव्या घेऊन तो पावलुकांच्या दारात उभा राहिला होता, तेव्हापासून त्यांच्या तळघरातल्या खोलीत राहत होता. पहिले दोन महिने तो फक्त “हो, मिसेस पी” आणि “नको, मिसेस पी” एवढंच बोलला. आता तो सकाळी नेस्टरबरोबर यंत्राचं तेल बदलायचा, बाईंच्या गाडीचं टायर बदलायचा, आणि एका बैठकीला बटाट्याचं सारण भरलेल्या पंधरा पेरोग्या खायचा. बाईंची स्वतःची मुलगी कॅलगरीला असते, वर्षातून दोनदा येते, गोड मुलगी आहे, पण तिला हॉकीचं ओ की ठो कळत नाही. डॅरियनबरोबर बाई हरलेला सामना घरी आल्यावर साखरेच्या डब्या आणि चमचे मांडून पुन्हा खेळायच्या. असं माणूस घरात असणं किती सुखाचं असतं ते हॉकीवेड्या माणसालाच कळेल.

त्याचं हे शेवटचं वर्ष होतं. मार्च आला की तो जाणारच, हे बाईंना माहीत होतं. पण मार्च मार्चमध्ये, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

चार जानेवारीला वेंडेल बर्फाच्या भाराने कुणाच्या शेडचं छप्पर बसलं ते बघायला गेला होता. बाई ऑफिसात एकट्याच. फोन वाजला. फेअरबर्नचे मॅनेजर हॅगार्टी बोलत होते. फेअरबर्न बुल्स लीगमध्ये पहिल्या नंबरावर होते, आणि त्यांच्याकडे दोन चांगले गोलकीपर होते.

“एमिल थेबर्ज देतो तुम्हाला,” हॅगार्टी म्हणाले. “लीगमधला दुसऱ्या-तिसऱ्या नंबरचा गोलकीपर आहे. मला सतरा नंबर द्या. आम्ही बाद फेरीत शेवटपर्यंत जाणार, बाई, आणि ती एप्रिलपर्यंत चालते. त्या पोराला एप्रिलमध्ये खेळायला मिळेल. कॉलेजची माणसं पोरं निवडायला तिथेच येतात, हॅडलीला कोण येतंय?”

“तो द्यायचा नाही,” बाईंनी सांगितलं आणि फोन ठेवून दिला.

वेंडेल परत आला. त्याने विचारलं, कुणाचा फोन होता का. बाई म्हणाल्या, “कुणाचा नाही.” मॅनेजमेंट गावापासून गोष्टी लपवते म्हणून इतकी वर्षं बोंब मारणाऱ्या बाईंनी कमिटीत आल्याच्या तिसऱ्या आठवड्यात हे केलं, आणि तोंडावरची रेषही हलू दिली नाही.

सहा जानेवारीला त्यांच्याकडे नाताळची आदली संध्याकाळ. युक्रेनी घरांत नाताळ जुन्या पंचांगाने येतो. पहिली चांदणी दिसली की बसायचं, मांसाचा तुकडा नाही, बारा पदार्थ. गव्हाची गोड खीर, बिटाचं सूप, मासा, कोबीची पानं, आणि पेरोग्यांचा ढीग. डॅरियन तीन वर्षांत या जेवणाचा असा भोक्ता झाला होता की तो खिडकीशी उभा राहून चांदणी शोधायचं काम स्वतःकडे घ्यायचा. त्या संध्याकाळीही त्याने शोधली. पण जेवायला बसल्यावर चार पेरोग्या खाल्ल्या आणि थांबला.

“बरं नाही का?” बाईंनी विचारलं.

“बरं आहे, मिसेस पी. पोट भरलं.”

“चार पेरोग्यांनी तुझं पोट भरतं हे मला आज कळतंय.”

तो हसला आणि ताटाकडे बघत राहिला. नेस्टरने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा बायकोकडे पाहिलं, आणि खीर पुढे सरकवली. बाईंना त्या रात्री झोप लागली नाही, आणि का लागली नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आठ तारखेला ऑफिसात पुन्हा तेच, फेअरबर्न सोडून दहा फोन आणि दहा नकार. वैतागून बाई नेहमीच्या मुद्द्यावर आल्या.

“आज केस्लर असता तर त्याच्या बदल्यात दोन गोलकीपर आले असते. पण तू तो फुकट वाटलास.”

वेंडेल एरवी हे मूग गिळून ऐकून घ्यायचा. त्या दिवशी मात्र त्याने हातातलं पेन खाली ठेवलं.

“मिसेस पावलुक, केस्लरची आई विनिपेगला हॉस्पिटलात होती. पोरगा माझ्यासमोर याच खुर्चीत बसून रडला. तिच्याजवळ असलेल्या एकाच टीमला तो हवा होता, आणि त्यांच्याकडे द्यायला कुणी नव्हतं. मी काय करायला हवं होतं?”

“मग सांगितलं का नाहीस गावाला?”

“तो म्हणाला, कुणाला सांगू नका. नाही सांगितलं.”

“वर्षभर मी तुला शिव्या घालतेय, वेंडेल.”

“हो. जाळीच्या मागून तर सगळ्या गावाला ऐकू जातात.” तो किंचित हसला. “आई बरी आहे आता. म्हणून सांगतोय तुम्हाला. बाकीच्या सहा ‘पुढे बघू’ चुका होत्या, त्या माझ्या.”

बाई जॅकेट घालून बाहेर पडल्या आणि गाडीत तशाच बसून राहिल्या. त्यांना शरम वाटली, अगदी कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत. या माणसाने एका पोरासाठी वर्षभर गावाचं बोलणं खाल्लं होतं. आणि आपण चार दिवसांपूर्वी एका पोराचा एप्रिल लपवला, तो कुणासाठी? तळघराचा दिवा जळत राहावा म्हणून.

नऊ तारखेला सकाळी नाश्त्याला डॅरियन येऊन बसला. बाईंनी अंडी त्याच्या ताटात घातली आणि उभ्याउभ्याच बोलून टाकलं.

“फेअरबर्नचा फोन आला होता. चार तारखेला. त्यांना तू हवायस. मी नाही म्हटलं आणि कुणाला सांगितलं नाही. तुलाही नाही.”

डॅरियनने काटा खाली ठेवला. “मला माहितेय, मिसेस पी.”

“कसं?”

“त्यांच्या कॅप्टनचा त्याच दिवशी मेसेज आला होता मला.”

“आणि तू पाच दिवस गप्प?”

“तुम्ही कमिटीत आहात. मी मागितलं असतं तर तुम्ही लगेच हो म्हणाला असतात, आणि मग…” त्याला पुढचं नीट सुचेना. “तुम्ही खूप केलंय माझं. मागावंसं वाटलं नाही.”

“आता माग.”

त्याने ताट थोडं मागे सरकवलं. वीस वर्षांचा, सहा फूट दोन इंचांचा गडी, पण आवाज पहिल्या वर्षासारखा झाला होता.

“मला एप्रिलमध्ये एकदा खेळायचंय, मिसेस पी. तीन वर्षं आपण मार्चच्या पहिल्या आठवड्यात पिशव्या भरतो. आपली पोरं चांगली आहेत, मला कुणाबद्दल काही म्हणायचं नाही. पण एकदाच. मग हॉकी संपली तरी चालेल.”

बाई ‘बरं’ म्हणाल्या आणि सिंककडे वळल्या. नेस्टर दारात बूट घालत होता.

“शाब्बास,” तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही.

दहा तारखेला दुपारी एक वाजता बाई वेंडेलच्या टेबलाशी बसल्या. वेंडेलला सगळं सांगून झालं होतं. त्याने एकच विचारलं, “मी बोलू का?” बाई म्हणाल्या, “नाही. माझ्या घरातला आहे, मीच बोलणार.” आणि त्यांनी फेअरबर्नला फोन लावला.

“सतरा नंबर हवाय का अजून?”

“हवाय की,” हॅगार्टी म्हणाले. “एमिल तुमचा. झालं.”

“झालं कसं? या पोरासाठी अकरा जणांनी माझं दार ठोठावलंय. एमिल आणि वर आणखी एक.”

“बाई, आणखी काय देऊ? एमिल आणि ‘पुढे बघू’, असं लिहू.”

“‘पुढे बघू’ हा मुलगा मला चांगला माहितेय. तो आमच्याकडे सात वेळा निघाला, अजून पोचलेला नाही. मला नाव असलेला माणूस द्या.”

वेंडेलने तोंडावर हात दाबून धरला होता. हॅगार्टींनी एका धिप्पाड पोराचं नाव सांगितलं. बाई म्हणाल्या, तो पाय ओढतो, गेल्या महिन्यात मी दोन तास पाहिलाय. मग त्यांनी दुसरं नाव सांगितलं. तो पोरगा तोंडाने घाण बोलतो म्हणून तोही नको. अखेर अडीच वाजता हॅगार्टी रूबेन नावाच्या एका बुटक्या, पण वाऱ्यासारख्या पळणाऱ्या पोरावर आले. बाईंनी तरी लगेच हो म्हटलं नाही.

“शेवटची एक अट. डॅरियन ज्या घरात राहील तिथे रोज संध्याकाळी गरम जेवण झालं पाहिजे. पाकिटातलं नाही. घरच्या बाईंचा नंबर द्या, मी बोलून घेते.”

“तीस वर्षं हे काम करतोय,” हॅगार्टी म्हणाले. “पेरोग्यांसाठी अडलेला सौदा पहिल्यांदाच बघतोय.”

“पेरोग्यांचं नाव मी काढलं का? पण तुम्ही काढलंच आहे तर विचारा त्यांना, येतात का.”

साडेतीनला सही झाली. वेंडेल उठून उभा राहिला आणि बाईंनी त्याला आयुष्यात पहिल्यांदा हात मिळवू दिला.

अकरा तारखेला सकाळी पोरांची अदलाबदल झाली. या भागात ती अशीच होते. दोन्ही गावांच्या मध्यावर हमरस्त्यावर एक पेट्रोल पंप आहे, तिथे दोन्ही घरच्या बाया आपापलं पोरगं घेऊन येतात. उणे चौतीस. इंजिन बंद केलं तर पुन्हा चालू होईलच असं नाही, म्हणून दोन्ही गाड्या धूर सोडत उभ्या. मागे रूबेन स्वतःच्या खटारा पिकअपमध्ये. एमिल ज्यांच्या घरी राहायचा त्या फेअरबर्नच्या जोलीनबाई म्हणजे बाईंच्याच वयाच्या, जाडजूड, नाक लाल झालेल्या. रडल्यामुळे की थंडीमुळे ते सांगता आलं नसतं, बाईंचंही तेच होतं.

“एमिलशी सामन्याच्या दिवशी बोलायचं नाही,” जोलीनबाई म्हणाल्या. “संत्रं सोलून ठेवायचं, पण द्यायचं नाही. तो मागतो.”

“डॅरियन उठल्यावर अर्धा तास माणसात नसतो,” बाईंनी सांगितलं. “रविवारी त्याच्या आजीचा फोन येतो. तेव्हा त्याला कुठलं काम सांगू नका. आणि पेरोग्या…”

“हॅगार्टींचा फोन आला होता,” जोलीनबाई म्हणाल्या. “मी पण युक्रेनीच आहे हो. माहेरची.”

हे ऐकल्यावर बाईंच्या जीवात जीव आला. डॅरियनने आपल्या पिशव्या पलीकडच्या गाडीत टाकल्या आणि परत आला. बाईंनी येताना गाडीत दोन तास काय काय बोलायचं ते जुळवलं होतं. त्यातलं एक वाक्य जागेवर सापडेना. त्यांनी त्याच्या जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत ओढली.

“मान वर ठेवून खेळ,” एवढंच म्हणाल्या.

तो वाकला, त्यांना इतकं घट्ट धरलं की त्यांची टोपी पडली, आणि मग पलीकडच्या गाडीत जाऊन बसला.

परतीच्या वाटेला लागताना एमिल खिडकीबाहेर बघत होता. पोरगा क्युबेकचा, नाजूक, लांब हातांचा. बाईंनी म्हटलं, “पट्टा लाव,” तसा तो त्या आवाजाने दचकला आणि त्याने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं.

“तुम्ही जाळीच्या मागच्या.”

“हो.”

“नोव्हेंबरात तुम्ही मला चाळणी म्हणालात.”

“त्या दिवशी पाच गोल खाल्लेस. चाळणीतून कमी गळतं.”

एमिलने बोटांवर मोजलं. “तिसरा माझा नव्हता,” तो म्हणाला. “तो पक आमच्याच माणसाच्या स्केटला लागून आत गेला.”

“तिसरा मी धरलाच नव्हता. तरी पाच.”

मग तो हसायला लागला, आणि बाईंनाही हसू आवरेना. हॅडली येईपर्यंत दोघांनी नोव्हेंबरचा तो अख्खा सामना पुन्हा खेळून काढला.

एमिल आल्यावर बॅजर्स हरायचे थांबले, असं लिहायला मला फार आवडलं असतं. हरले, पण कमी. रूबेनने तेवीस गोल केले. बाद फेरीची आठवी जागा दोन गुणांनी हुकली आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पोरांनी पिशव्या भरल्या. पण शेवटच्या सामन्याला रिंक भरलेलं होतं, आणि सामना संपल्यावर कुणी उठून गेलं नाही. एमिलला पुढचं एक वर्ष बाकी आहे. जाताना तो तळघराच्या खोलीत आपली चादर ठेवून गेला.

फेअरबर्न मात्र जिंकत राहिलं. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी दुपारी डॅरियनचा फोन आला.

“काल खेळलो, मिसेस पी.”

“रेडिओवर ऐकलं. दोनदा पक गोलरेषेवरून काढलास.” बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “एप्रिल कसा आहे रे?”

“बर्फ मऊ असतो,” तो म्हणाला. “कोपऱ्यात पक चिकटतो. जोरात दिलेला पास अर्ध्यात मरतो. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.”

कोण सांगणार होतं? हॅडलीत एकतीस वर्षांत एप्रिलमध्ये सामनाच झाला नव्हता. रिंकचं थंड करायचं यंत्र मार्चअखेर बंद व्हायचं आणि बर्फाचं पाणी गटारात जायचं. बाईंनी फोन ठेवून नेस्टरला सांगितलं. त्याने आयुष्यभर बर्फ बनवला होता, पण मऊ पडलेल्या बर्फावर कधी यंत्र फिरवलं नव्हतं. तो एकदम उठला.

“उद्या दुपारी सामना आहे,” तो म्हणाला. “चल. बघून येऊ तिथला माणूस पाणी किती सोडतो ते.”

रविवारी दोन वाजता बाई फेअरबर्नच्या रिंकवर जाळीच्या मागे दुसऱ्या रांगेत बसल्या, अंगात हॅडलीचं हिरवं जॅकेट. शेजारचा म्हातारा त्यांच्याकडे संशयाने बघत होता.

“जॅकेट हॅडलीचं, मुलगा आमचा, बाकी सगळं तुमचं,” बाईंनी त्याला सांगितलं आणि जोलीनबाईंनी दिलेल्या कॉफीचा घोट घेतला.

दार उघडलं आणि फेअरबर्नची पोरं एकामागून एक बर्फावर उतरली. बाहेर रस्त्याकडेला चिखल झाला होता, कुणाच्या अंगणात हिरवं दिसायला लागलं होतं, आणि आत सतरा नंबर बर्फावर गोल फेरी मारत होता, मान वर. एप्रिलमध्ये. बाईंना रडू आलं, आणि त्या ते लपवायच्या भानगडीत पडल्या नाहीत. असा आनंद त्यांना बस चालवताना झाला नव्हता, मुलीच्या लग्नात झाला होता, तो वेगळा. हे त्यांनी स्वतः दिलं होतं, आणि देताना जीव तुटला होता. समोर तो वळला, कोपऱ्यात चिकटलेला पक त्याने हलक्या हाताने सोडवला आणि छोटा, सरपटता पास दिला. पास पोचला.

नेस्टर पुढे झुकून बर्फाकडे बघत होता. “पाणी गरम सोडतो तो. पातळ थर,” तो स्वतःशी म्हणाला. “आपल्याकडे जमेल.”

बाईंनी डोळे पुसले, खिशातून फोन काढला आणि सामना सुरू होण्याआधी वेंडेलला लावला. त्याने पहिल्याच घंटीला उचलला.

“बोला, मिसेस पावलुक.”

“वेंडेल, एप्रिलमध्ये बर्फ मऊ असतो. पक चिकटतो. नुसती धिप्पाड पोरं घेऊन चालणार नाही. हलक्या हाताची, छोटे पास देणारी हवीत. एमिल तर आहेच. आतापासून बघायला लागू.”

“थांबा,” वेंडेल म्हणाला. “पेन घेतो.”